थंड भट्टीचा भोंगा

मामाचा धंदा कोणता, असं कुणी विचारलं की मामी म्हणायची, "दुसऱ्यांची झोपमोड." आणि ते खोटं नव्हतं. काचेच्या कारखान्याचा भोंगा वाजवणं हे एकच काम त्याने आयुष्यभर केलं. बॉयलरच्या इमारतीवर, लोखंडी जिना चढून जावं लागे अशा जागी, त्याची खोली होती. एक खुर्ची, एक खिडकी, भिंतीवर घड्याळ आणि छतातून लोंबणारी साखळी. साखळी ओढली की खालची वाफ वर येई आणि अख्खं गाव उठे. आई गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढले, त्यामुळे लहानपणी माझी समजूत होती की सकाळ मामाच करतो, तो करेपर्यंत ती होत नाही. मोठेपणीही ही समजूत पुरती गेली नाही, आणि ती काही माझ्या एकटीचीच नव्हती.

माणूस मात्र भोंग्याच्या अगदी उलट. बोलायला लागला की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे. मामी तोंडाने फटकळ. पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं टेबल होतं. गावातले कपडे यायचे आणि कपड्यांसोबत गावातल्या गोष्टी, आणि दोन्ही ती सारख्याच हाताने सरळ करायची. "मोठा आवाज कारखान्यात ठेवून येतात आणि उरलासुरला घरी आणतात," ती म्हणायची. पण संध्याकाळी तो आला की दारातच त्याची टोपी काढून घ्यायची, अंगणात नेऊन झटकायची आणि खिळ्याला अडकवायची. त्या दोघांचं प्रेम म्हणजे काय, तर ते असं होतं.

आता भट्टीबद्दल सांगायला हवं. काचेची भट्टी विझवत नसतात. आमच्या गावात माणसं जन्मली, मेली, गाव वाहून जाईल असा पाऊस झाला, तरी ती पेटलेलीच. एकदा विझली की पुन्हा तापवायला कित्येक दिवस लागतात. रोज थोडी, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. घाई केली तर आतल्या विटा तडकतात आणि मग भट्टी कायमची गेली. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आमचं शहाणपणच आमच्या गळ्यातला धोंडा झालं.

वाईट दिवस आले ते असे की आम्हाला कळलेच नाहीत. दूर कुठेतरी बँका बुडाल्या, माल उचलणारे यायचे बंद झाले. कारखान्याने आधी कामाच्या पाळ्या कमी केल्या, मग पगाराऐवजी बाटल्या द्यायला सुरुवात केली. हिरव्या, तपकिरी, निळ्या. विका आणि खा म्हणाले. पण विकणार कुणाला? शेजारणीकडेही त्याच, तिच्या नणंदेकडेही त्याच. ज्याच्या त्याच्या घरात बाटल्या आणि त्यात भरायला काहीच नाही. मी पॅकिंगला होते, पेंढ्यात बाटल्या गुंडाळायचे. माझा शेवटचा पगार पेंढ्यासकट घरी आला.

खोटं कशाला बोलू, दिसायला ते फार सुंदर होतं. खिडक्यांत, जिन्यांवर, कपाटांवर बाटल्या मांडलेल्या. सकाळचं ऊन आत यायचं ते हिरवं होऊन. मामीची पांढरी चादर निळी दिसायची. रिकाम्या पोटी माणूस त्या उजेडात बसला की त्याला आपण पाण्याखाली आहोत असं वाटायचं, आणि पाण्याखाली कसली घाई नसते.

मग एके दिवशी भट्टी विझली. भट्टी विझली म्हणून वाफ गेली, वाफ गेली म्हणून भोंगा गेला.

उपासमार मी समजू शकते, ती जगात सगळीकडे एकसारखी असते. पण ती शांतता वेगळी होती. गावाला उठायचं कधी तेच कळेना. माणसं दुपारपर्यंत पडून राहायची, मग पायऱ्यांवर बसायची, बसल्या बसल्या पेंगायची. बायका अर्ध्या वाक्यात थांबायच्या. दोन हात धडधाकट असलेले पुरुष, घरात अडगळ होते म्हणून भिंतीला चिकटून चालायचे. आणि मामा पहाटे झोपेतच उठून बसायचा, उजवा हात वर न्यायचा आणि हवेत काहीतरी खाली ओढायचा. मामी तो हात धरून खाली आणायची आणि पांघरुणात ठेवायची. काही बोलायची नाही. मामी बोलली नाही म्हणजे प्रसंग बाका, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मतं मागणारे येतच होते. कारखान्याच्या पटांगणात सभा व्हायच्या. एक आला, त्याने पाव देतो म्हणून सांगितलं. तसं आधीच्यानेही सांगितलं होतं. दुसरा चांगला शिकलेला होता. पाव का मिळत नाही हे त्याने इतकं नीट समजावलं की भूक दुप्पट झाली. मग तो आला, ज्याला पुढे सगळे पालक म्हणायला लागले. मी पुढच्याच रांगेत होते. बुटका, घसा बसलेला, हातात कागद नाही. त्याने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सकाळी तुम्हाला उठवतं कोण?"

मी मामाकडे पाहिलं तर त्याच्या डोळ्यांना धारा लागलेल्या.

"कुणीच नाही," पालक म्हणाला. "तुम्ही उठलात काय, नाही उठलात काय, कुणाला फरक पडत नाही. मला पडतो. येत्या आठवड्यात तुमचा भोंगा वाजेल."

लोक मला आजही विचारतात, इतकी शहाणीसुरती माणसं त्या एका माणसाच्या मागे कशी गेली? पोटासाठी म्हणावं तर पोट त्याने भरलं नाही. दहशतीने म्हणावं तर दहशत नंतर आली. मला विचाराल तर आम्हाला कुणीतरी हाक मारायला हवी होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण आम्हाला काडीही नको होती, किनाऱ्यावरून कुणीतरी आपलं नाव घेतलं एवढ्यानेच आम्ही हात मारायला लागलो. मला स्वतःला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी केस विंचरले.

मामी सभेला आलीच नव्हती. ऐकून म्हणाली, "मला आईबाप होते, ते चांगले होते, गेले. या वयात नवे पालक करून घ्यायची मला हौस नाही."

पण भोंगा वाजला. वाफ नव्हती, म्हणून पालकांच्या माणसांनी हवेचा कॉम्प्रेसर आणून बसवला. आवाज जरा कोरडा, पण तोच. मी अर्धवट झोपेत होते आणि स्वप्नातच सकाळ झाली. खिडकीतल्या बाटल्या बारीक किणकिणत होत्या. गल्लीत नळ सुटले, बादल्या वाजल्या, कुणीतरी कुणाला तरी लवकर आवर म्हणून ओरडलं, आणि ते ओरडणंसुद्धा किती गोड वाटलं. माणसं आंघोळी करून, भांग पाडून, जेवणाचे डबे घेऊन निघाली. डब्यांत उकडलेला बटाटा, नाहीतर काहीच नाही. पण डबा होता.

गेटवर एक तरुण अधिकारी उभा होता. कडक इस्त्रीचा गणवेश. इस्त्री आमच्या मामीची. त्या दिवसांत गणवेश सोडले तर टेबलावर दुसरे कपडे येतच नव्हते, आणि आमची चूल त्यांच्यावरच पेटत होती. अधिकाऱ्याने सगळ्यांना आत घेतलं, भट्टीपुढच्या बाकांवर बसवलं आणि सांगितलं, "भट्टी तापवायला घेतली आहे. हळूहळू तापवतोय. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही जाणकार."

आम्ही जाणकारांनी माना डोलावल्या.

"हात लावून बघा," तो म्हणाला.

रांग लागली. एकेकाने भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावला आणि मागच्याला सांगितलं, कोमट आहे. माझी पाळी आली. मीही तळवा टेकवला आणि शपथेवर सांगते, वीट कोमट होती. ती कशाने कोमट होती हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. माझ्या आधी इतक्या जणांनी तिथेच हात टेकवले होते की दगडही तापला असता.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आमचे नऊ महिने चालले. रोज भोंगा, रोज डबे, रोज बाकांवर बसणं. कुणी कंटाळलं, की बाजूचाच म्हणायचा, "धीर धर, विटा तडकवायच्यात का तुला?" हे वाक्य आधी समजुतीचं होतं, मग धमकीचं झालं, मग भिंतींवर रंगवलं गेलं. जास्त विचारणाऱ्याला 'भट्टीफोड्या' म्हणायला लागले. हा शब्द पालकांनी दिला नाही बरं का. तो आमच्याच बाकांवर तयार झाला.

मामा सुखात होता. त्याची पाठ सरळ झाली होती. जिना चढताना लोक त्याला नमस्कार करायचे. घरी आला की मामी टोपी काढून अंगणात नेऊन झटकायची, पूर्वीसारखीच, जरा जास्तच वेळ. "भट्टी तापतेय का हो?" ती विचारायची. "तापत असेल," तो म्हणायचा, "मी वर असतो. मला काय दिसणार."

भट्टीचा गवंडी मामाचा जुना मित्र. त्या भट्टीची वीट न् वीट त्याने लावलेली. संध्याकाळी आमच्या पायरीवर दोघे सोंगट्या खेळायचे, आणि हरला की गवंडी, भोंग्यापायी मामाला कमी ऐकू यायचं, त्यावर घसरायचा. एकदा खेळता खेळता तो म्हणाला, "मी आज मागच्या झरोक्यातून आत हात घातला. आत राख नाही की ऊब नाही. थंडगार."

मामाने सोंगटी पुढे सरकवली. "मागची बाजू शेवटी तापते," तो म्हणाला.

"मी बांधलीय ती," गवंडी म्हणाला आणि डाव अर्धा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी गवंडी गेटवरच्या दगडावर उभा राहून बोलायला लागला. बाकांवरचे सगळे बाहेर आले. अधिकारी रागावला नाही. त्याने गेटजवळचं बटण दाबलं. ते मामाच्या खोलीतल्या घंटीचं होतं. घंटी वाजली की भोंगा वाजवायचा आणि घंटी थांबेपर्यंत वाजवत राहायचा, असा मामाला नवा हुकूम होता. गवंड्याचं तोंड हलत होतं आणि आम्ही सगळे कान झाकून उभे होतो. भोंगा थांबला तेव्हा दगडावर कुणी नव्हतं. त्याला विश्रांतीसाठी बाहेरगावी नेलं, असं सांगण्यात आलं. सोंगट्यांचा पट मामीने उचलून कपाटावर ठेवला, सोंगट्या होत्या तशाच.

मामा त्या दिवशी जेवला नाही. मामीने गणवेशाचा एक शर्ट टेबलावर अंथरला, त्यावर तापलेली इस्त्री ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. शर्टाला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडेपर्यंत तिने ती उचलली नाही. जळक्या कापडाचा वास घरभर झाला. मामा आपल्या खुर्चीत बसून होता.

सकाळी भोंगा झाल्यावर ती मला म्हणाली, "चल." ऊन कडक होतं. तिने आपली पिवळी छत्री उघडली. गेटपाशी जाऊन ती त्याच दगडावर चढली, मी खाली तिचा हात धरून. अधिकारी हसला. भोक पडलेला शर्ट अजून आमच्याच घरी होता, त्याला त्याची खबरच नव्हती. मामीने बोलायला तोंड उघडलं आणि त्याने बटण दाबलं.

मी तिला चिकटून उभी होते. तिच्या हाताची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. तरी तिचा एकही शब्द मला ऐकू आला नाही. ती समोर बघत नव्हती, गर्दीकडेही नव्हती. मान वर करून खोलीच्या खिडकीकडे बघत बोलत होती. बोलणं संपल्यावर तिने तोंड मिटलं, छत्री मिटली आणि दगडावरून उतरली. भोंगा त्यानंतरही वाजत होता. अधिकाऱ्याने आम्हाला जाऊ दिलं. भोंग्यावाल्याची बायको म्हणून तेवढी सूट.

संध्याकाळी मामाने जेवताना विचारलं, "आज पिवळी छत्री घेऊन कुणीतरी होतं खाली. आपल्यासारखीच छत्री."

"आपलीच होती," मामी म्हणाली.

मामाने घास ताटात परत ठेवला. त्याने विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"आता काय विचारता? तेव्हा ऐकायचं होतंत."

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखा गेला, जिना चढला, खुर्चीत बसला आणि साखळीला हात लावला नाही. ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. ऊन वर आलं, बाटल्यांतून घराघरांत उतरलं, भिंतींवरून हिरवं, निळं, तपकिरी सरकत गेलं, आणि माणसं झोपलेलीच. गल्लीत एक मांजर सावकाश चालत गेलं. मी खिडकीत उभी राहून वाट बघत होते की आता कुणीतरी स्वतःहून उठेल, दार उघडेल, आणि काल काय झालं ते दुसऱ्याला विचारेल.

दारं उघडली, पण माणसं आमच्याकडे आली. अधिकारी नव्हे, शिपाई नव्हेत. आमच्याच गल्लीतली, मामीकडून कपडे इस्त्री करून नेणारी. "आमची पाळी चुकवली त्याने," एक म्हणाला. कसली पाळी, हे विचारायला मी पुढे झाले, तेवढ्यात पहिला दगड आला. आमच्या खिडकीतल्या सगळ्या बाटल्या फुटल्या. घरात पहिल्यांदा साधं पांढरं ऊन आलं. मामी झाडू घेऊन काचा गोळा करायला लागली आणि मला म्हणाली, "पायात चप्पल घाल."

मामाला पालकांच्या माणसांनी नेलं आणि दोन हिवाळ्यांनी परत आणून सोडलं. एक कान पुरता गेला होता, दुसरा नावापुरता. मारलं का, हे त्याने कधी सांगितलं नाही. तोवर भोंग्याला घड्याळाचं यंत्र लावलं होतं, माणूस लागतच नव्हता. भट्टीला हात लावायला मात्र अजून रांग असायची.

रोज सकाळी भोंगा सुरू झाला की मामा अंथरुणात उठून बसे आणि विचारी, "काय म्हणत होतीस त्या दिवशी?" आणि मामी भोंगा वाजत असतानाच सांगायची. तो थांबला की तिचं तोंड बंद. मला आधी वाटलं ही शिक्षा आहे. आधी ती होतीही. मामा तिच्या ओठांकडे डोळे लावून बसायचा, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसा, आणि भोंगा थांबला की मान हलवायचा. नाही समजलं.

पालकांचाही काळ संपला. कसा संपला ते मोठ्या लोकांनी लिहून ठेवलं आहे, मला त्यात पडायचं नाही. आम्हाला ते कळलं ते असं, की एका सकाळी भोंगा वाजला नाही. मी जागी झाले तर मामा उठून बसलेला, उजवा हात हवेत. मामीने तो हात धरून खाली आणला. ती आता थकली होती. इस्त्री मीच करायचे. तिने त्याच्या उरलेल्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं. म्हणून मलाही शेवटी ते ऐकायला मिळालं.

"मी म्हटलं, वर बसलाय तो माझा माणूस आहे. भट्टी थंड आहे हे त्याला आपल्या सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. त्याला म्हणावं, खाली ये. मी रागावणार नाही."

मामाने चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. मग त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "भट्टीच्या धुराड्याच्या तोंडावर घरटं होतं. माझ्या खिडकीतून समोरच दिसायचं. पहिल्या दिवसापासून."

"ठाऊक आहे," मामी म्हणाली. "टोपीवर पिसं असायची तुमच्या. रोज झटकत होते मी."

मामाने तिच्याकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस? गवंड्याच्या आधी?"

मामीने पांघरूण त्याच्या खांद्यावर ओढलं.

"तुम्ही सकाळी पाठ सरळ करून कामाला निघायचात," ती म्हणाली. "मला ते बघायचं होतं."

कपाटावरचा सोंगट्यांचा पट तिने मला काढायला सांगितला. मामाने तो मांडीवर घेतला आणि कुठली सोंगटी कुणाची, हे आठवत बसला. पुढची चाल गवंड्याची होती.